मुलांचा हक्क आणि आईबापांचें कर्तव्य

शाळेच्या वार्षिकांत क्रीडासामने, सहली, स्नेहसंमेलन आणि शालान्त परीक्षेचा निकाल यांचीं वर्णनें वाचण्याची वाचकांस सवय असते. त्यांच्या पंक्तीस कायद्यासारखा रुक्ष विषय आणून बसविला तर कित्येकांच्या कपाळीं आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. तथापि कोणत्याहि वर्गांतील एखाददुसऱ्या मुलाशीं आणि त्याच्या घरच्या माणसांशीं या विषयाचा निकटचा संबंध येतो, म्हणून तो या पानांवर यावा असें आम्हांस मनापासून वाटतें. ज्या मुलास इतरांसारखें ऐकूं येत नाहीं, दिसत नाहीं, चालतां येत नाहीं, किंवा बुद्धि चांगली असूनहि ज्यास लिहितां-वाचतांना पदोपदीं अडखळावें लागतें, त्याच्या शिक्षणाविषयीं आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, हें पालकांस व विद्यार्थ्यांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

आमची कन्या या शाळेच्या आठव्या इयत्तेंत शिकते. लहानपणापासून तिची स्मरणशक्ति तल्लख. आजीनें एकदां सांगितलेली गोष्ट ती दुसरे दिवशीं शब्दास शब्द जुळवून सांगे. भाजीबाजारांतला हिशेब भाजीवालीच्या आधीं तोंडीं करी. पण पुस्तक पुढें आलें कीं तिचा चेहरा उतरे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत होई, जोडाक्षरापाशीं गाडी अडे, आणि फळ्यावरची ओळ वहींत उतरेपर्यंत तिच्यांतील दोनतीन अक्षरें वाटेंतच गळून जात. ती तिसरींत असतांना त्या वेळच्या शाळेच्या चालकांनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "अशा मुलांसाठीं निराळ्या शाळा असतात. आपण दाखला काढून न्यावा हें बरें." बोलणें सभ्यपणाचें होतें, आणि त्यामुळेंच त्यास काय उत्तर द्यावें हें आम्हांस सुचेना. पुढें सरकारमान्य रुग्णालयांतील तज्ज्ञांनीं तिची तपासणी करून डिस्लेक्सिया, म्हणजे विशिष्ट अध्ययन-अक्षमता, असें निदान केलें. मुलीच्या बुद्धींत कांहीं उणें नाहीं, वाचनलेखनाची तिची वाट मात्र अधिक चढणीची आहे, असें त्यांनीं आम्हांस समजावून दिलें.

त्या दिवसापासून आम्ही उभयतां एकच प्रश्न घेऊन फिरूं लागलों, कीं कायद्यानें आम्हां आईबापांस कोणते हक्क दिले आहेत? आमचे एक वकील स्नेही आहेत. ते हंसून म्हणाले, "अहो, कायदा उघडून वाचा तर खरा. त्यांत तुमच्या हक्कापेक्षां मुलीचा हक्क अधिक सांपडेल, आणि तुमच्या वांट्यास पुष्कळसें कर्तव्यच येईल." त्यांच्या सांगण्यावरून जें वाचलें, आणि वाचल्यावर जें आचरणांत आणून पाहिलें, तें येथें क्रमानें मांडीत आहों.

पूर्वीं या मुलांचें शिक्षण हा दयेचा विषय होता, आणि त्या दयेचें ऋण मिशनरी शाळेच्या वार्षिकांत तरी विसरतां येणार नाहीं. १८८० नंतरच्या दशकांत मुंबईंत रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नानें बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. १८८७ मध्यें मिस अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनीं अमृतसर येथें अंधांसाठीं शाळा काढली. आपल्या देशांतील अंधांची ती पहिली शाळा समजली जाते. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं मुंबईंत अंधशाळा सुरू केली, ती दादर येथें आजहि चालूं आहे. केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनांत अंध स्त्रियांस ब्रेल लिपि शिकविली जाई. पुढें १९४४ मध्यें जय वकील या बाईंनीं मुंबईंत बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि १९७२ मध्यें डॉ. मिथू अलूर यांनीं त्याच शहरांत सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळें हालचालींवर ताबा न राहणें, या व्याधीच्या मुलांसाठीं संस्था उभारली. या दोघींच्याहि घरीं तसें मूल होतें. ज्या काळीं कायद्याचा आधार नव्हता त्या काळीं ज्यांनीं आपल्या लेकरासाठीं दार ठोठावण्याऐवजीं दारच बांधून काढलें, त्या माउल्यांची थोरवी काय वर्णावी!

परंतु दयेस एक मर्यादा असते. ती करणाऱ्याच्या मर्जीवर आणि सवडीवर अवलंबून राहते. दयेपुढें हात पसरतां येतो, दावा मांडतां येत नाहीं. मुंबईंत शाळा निघाली तरी खेड्यांतील बहिऱ्या मुलाचें काय, या प्रश्नास दयेपाशीं उत्तर नव्हतें. शंभर मेंढरांतील हरवलेल्या एकाचा दृष्टान्त आपल्या मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. त्या एका मेंढरास शोधावयास निघणें हें मेंढपाळाच्या प्रेमावर सोपवून न देतां सर्व समाजावर बंधनकारक करणें, हें कायद्याचें काम होय.

हें काम फार सावकाश झालें. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदांत, अपंगत्व आलेल्यांच्या शिक्षणाची तजवीज राज्यानें आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत करावी, असें मार्गदर्शक तत्त्व घातलें गेलें. ४५ व्या अनुच्छेदांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांच्या आंत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा संकल्प होता. पण मार्गदर्शक तत्त्वें घेऊन न्यायालयांत जातां येत नाहीं. १९९५ सालीं अपंग व्यक्तींच्या समान संधीचा व हक्कसंरक्षणाचा कायदा झाला. त्यानें सात प्रकारचीं अपंगत्वें मानून अशा मुलांस अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण द्यावें असें म्हटलें. त्या सातांत आमच्या मुलीच्या अडचणीचें नांव नव्हतें. महाराष्ट्र सरकारनें मात्र त्याच दशकांत अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांस शालान्त परीक्षेंत सवलती देण्यास आरंभ केला, ही गोष्ट आपल्या राज्यास भूषणावह आहे.

२००२ मध्यें घटनेंत छ्याऐंशीवी दुरुस्ती झाली. तिनें २१-क हा अनुच्छेद घालून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचें शिक्षण हा मूलभूत हक्क केला. त्याच दुरुस्तीनें ५१-क या अनुच्छेदांत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांमध्यें एका कर्तव्याची भर घातली, ती ही कीं, सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधि देणें हें आईबापांचें वा पालकाचें कर्तव्य आहे. वकीलसाहेबांच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस येथें उमगला. एकाच दुरुस्तीनें मुलाच्या हातीं हक्क दिला आणि पालकाच्या शिरावर कर्तव्य ठेविलें. पालक हा त्या हक्काचा विश्वस्त आहे. मूल आपला हक्क स्वतः मागण्याइतकें मोठें होईपर्यंत त्याच्या वतीनें तो मागावा, जतन करावा, आणि वेळ येतांच ज्याचा त्याच्या हातीं द्यावा, एवढेंच त्याचें काम.

या दुरुस्तीस अनुसरून २००९ चा शिक्षणहक्क कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. प्रवेशाच्या वेळीं मुलाची वा आईबापांची चाळणी लावूं नये, प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणत्याहि मुलास शाळेंतून काढूं नये, त्यास मारूं नये व त्याचा मानसिक छळ करूं नये, अशीं कलमें त्यांत आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनें दिव्यांग मुलांची गणना वंचित गटांत झाली, आणि तीव्र किंवा अनेक प्रकारचें दिव्यांगत्व असलेल्या मुलास घरीं राहून शिकण्याचा पर्यायहि मिळाला.

येथें आपल्या शाळेच्या पालकांनीं एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०१४ रोजीं असा निर्णय दिला कीं, हा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांनीं चालविलेल्या शाळांस, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका खंडपीठानें त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या खंडपीठापुढें जावा यासाठीं सरन्यायाधीशांकडे पाठविला. ख्रिस्ती संस्थेची शाळा अल्पसंख्याकांच्या शाळांत मोडते. मग अशा शाळेंतील दिव्यांग मुलाचें काय, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर दुसऱ्या एका कायद्यांत आहे, आणि तो प्रत्येक पालकानें वाचावा असा आहे.

तो म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्ति हक्क कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या कराराला आपल्या देशानें २००७ मध्यें संमति दिली होती; त्या वचनास जागून हा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. पूर्वींच्या सात प्रकारांचे त्यांत एकवीस झाले. स्वमग्नता, थॅलॅसेमिया, सिकलसेल यांच्याबरोबर विशिष्ट अध्ययन-अक्षमतेसहि त्यांत स्थान मिळालें. त्याच्या सोळाव्या कलमांत सरकारनें अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सर्व शिक्षणसंस्थांचा उल्लेख आहे. त्यांतून अल्पसंख्याकांच्या शाळा वगळलेल्या नाहींत. भेदभाव न करतां प्रवेश द्यावा, इमारत व आवार सर्वांस वापरतां येईल असें असावें, प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करून द्यावी, अंध व बधिर मुलांस त्यांस योग्य अशा भाषेंत व लिपींत शिकवावें, अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून उपाय योजावे, मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवावें, आणि ज्यास गरज असेल त्याच्या येण्याजाण्याची व्यवस्था करावी, असें तें कलम सांगतें. सतराव्या कलमांत शिक्षकांस तयार करणें, पुस्तकें व साधनें पुरविणें, आणि परीक्षेंत अधिक वेळ, लेखनिक व दुसऱ्या-तिसऱ्या भाषेंतून सूट देणें, हे उपाय सांगितले आहेत. ज्यांचें दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक म्हणून प्रमाणित झालें आहे, त्यांस कायदा लक्षणीय दिव्यांगत्व असलेले म्हणतो. अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस एकतिसाव्या कलमानें मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि पुढें सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्यांच्यासाठीं निदान पांच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत.

कायद्याची स्तुति करतांना त्याचें उणेंहि सांगितलें पाहिजे. सोळाव्या कलमाच्या आरंभींच, सरकारनें व स्थानिक संस्थांनीं शाळांकडून हें घडावें असा 'प्रयत्न' करावा, अशी शब्दयोजना आहे. प्रयत्न हा शब्द फार लवचिक. आळशालाहि तो अंगाबरोबर बसतो. शिवाय शिकविणारीं माणसें नसतील तर कलमें काय करणार? विशेष मुलांसाठीं प्रशिक्षित शिक्षकांचें प्रमाण प्राथमिक वर्गांत दहा मुलांमागें एक व त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागें एक असावें, असें केंद्र सरकारनें २०२२ मध्यें ठरविलें. तरीहि अशा शिक्षकांचीं पदें निश्चित करून तीं जाहीर करा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयास मार्च २०२५ मध्यें राज्यांस द्यावा लागला. नियम आणि वर्गखोली यांच्यामध्यें अद्यापि केवढें अंतर आहे, हें यावरून दिसतें.

तें अंतर कमी करण्याचें काम कित्येक वेळां एकाकी विद्यार्थ्यांनींच केलें आहे. लिहितांना हात आंखडणाऱ्या एका उमेदवारास नागरी सेवांच्या परीक्षेंत लेखनिक नाकारण्यांत आला, कारण त्याचें दिव्यांगत्व लक्षणीय या व्याख्येंत बसत नव्हतें. ११ फेब्रुवारी २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, वाजवी सोयीचा हक्क केवळ चाळीस टक्क्यांवरच्यांचा नाहीं. ज्यास लिहिण्याची खरी अडचण आहे त्यास लेखनिक नाकारतां येणार नाहीं. त्याच वर्षीं वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेंत, लेखनाची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीस नियमाप्रमाणें मिळावयाचा एक तास केंद्रावर देण्यांत आला नाहीं. उत्तरपत्रिका वेळेआधींच तिच्या हातून काढून घेतली गेली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें तिचा हक्क मान्य केला आणि या अन्यायाचें परिमार्जन कसें करतां येईल याचा विचार एका आठवड्यांत करावा असें परीक्षा घेणाऱ्या संस्थेस बजावलें. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाहीं. केंद्रावरील माणसांस नियम ठाऊक नसला तर त्याची किंमत शेवटीं मुलासच मोजावी लागते, हा बोध या प्रकरणांतून घेण्यासारखा आहे.

आमचे मेहुणे अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात व त्यांचा मुलगा स्वमग्न आहे. त्यामुळें तिकडील पद्धतीची तुलना आमच्या घरांत नेहमीं होते. १९७२ मध्यें पेन्सिल्व्हेनिया व वॉशिंग्टन येथील दोन खटल्यांत, दिव्यांग मुलांस सरकारी शाळांबाहेर ठेवणें गैर आहे, असें ठरलें. त्यांपैकीं पहिल्या खटल्यांत अशा मुलांच्या आईबापांची संघटनाच वादी होती. त्यानंतर १९७५ मध्यें तेथील कायदा झाला. त्याप्रमाणें प्रत्येक विशेष मुलासाठीं एक लेखी शिक्षणयोजना तयार होते व निदान वर्षांतून एकदां ती पुन्हां तपासली जाते. ती करणाऱ्या मंडळींत आईबाप हक्कानें बसतात. प्रथम तपासणी करण्यापूर्वीं त्यांची लेखी संमति घ्यावी लागते, आणि मतभेद झाल्यास त्यांस निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढें दाद मागतां येते. आपल्या कायद्यांत पालकांच्या सहभागाची इतकी तपशीलवार रीत घालून दिलेली नाहीं. म्हणून आपल्याकडे पालकाचें मुख्य साधन म्हणजे एक नीट लिहिलेला अर्ज आणि शिक्षकांशीं मोकळ्या मनानें केलेलें बोलणें. तरीहि आपल्या कायद्यांतील एका गोष्टीनें आम्हांस अमेरिकेच्या तपशिलाहून अधिक विचार करावयास लाविलें.

एकतिसाव्या कलमांत जवळची शाळा कीं विशेष शाळा, याची निवड मुलाची म्हटली आहे. चौथ्या कलमांत तर स्पष्टच आहे, कीं आपल्यासंबंधींच्या सर्व गोष्टींत दिव्यांग मुलास आपलें मत मोकळेपणीं सांगण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीं त्याच्या वयास व दिव्यांगत्वास शोभेल असें साहाय्य त्यास मिळालें पाहिजे. हीं कलमें वाचणें सोपें; घरांत पाळणें तितकेंच कठीण. गेल्या वर्षीं कन्येच्या परीक्षेंतील सवलतींचा अर्ज भरण्याची वेळ आली. तिनें लेखनिक घ्यावा असें आमचें मत होतें. तिचे कष्ट आम्ही रात्रंदिवस पाहत होतों. तिनें मान हालविली. "बाबा, उत्तर माझें आणि अक्षर दुसऱ्याचें, असें मला नको. मला नुसता वेळ द्या. मी लिहीन." तिच्या आईनें व आम्हीं पुष्कळ समजाविलें. अर्जावर सही आमची चालते, तिची नाहीं. आम्हीं लेखनिक मागितला असता तर तो तिला मिळाला असता. पण विश्वस्तानें ज्याची ठेव त्यास न विचारतां खर्च करावी काय?

आम्हीं केवळ वाढीव वेळेचा अर्ज केला. सहामाही परीक्षेंत तिनें सर्व पेपर स्वतः लिहिले. गणितांत व विज्ञानांत वेळ पुरून उरला. मराठींत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ झाल्या, तरी निबंध पुरा झाला. इतिहासाचीं लांबलचक उत्तरें मात्र तिच्या हातून उरकलीं नाहींत. शेवटचे दोन प्रश्न येत असूनहि कोरे राहिले. निकाल हातीं आल्यावर ती आपण होऊन म्हणाली, "इतिहासाला आणि भूगोलाला लेखनिक घेईन. बाकीचें माझें मी लिहीन." एवढा समतोल निर्णय आम्हांस तिच्यासाठीं घेतां आला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. वार्षिक परीक्षेचा अर्ज तिच्याच सांगण्याप्रमाणें भरला गेला. शाळेच्या शिक्षकांनींहि तिला वर्गांत फळ्याजवळची जागा दिली, आणि मोठ्यानें वाचण्याची सक्ति न करतां तोंडी प्रश्नांस उत्तरें देण्याची संधि दिली. याबद्दल त्यांचे आभार मानणें हें आमचें कर्तव्य आहे.

सवलतींविषयीं एक आक्षेप आम्हीं मुलांच्या तोंडूनच ऐकिला. "तिला वेळ फुकट मिळतो," असें वर्गांतील कोणी मुलगी म्हणाली. प्रश्न रागावण्यासारखा नाहीं. न्यायाची चाड असलेल्या मुलास तो पडावाच. आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीस दोन उंचींवर नळ आहेत. खालचा नळ पहिलीदुसरींतील मुलांसाठीं बसविला आहे. त्यामुळें लहान मुलांस पाणी अधिक मिळतें असें कोणी म्हणत नाहीं. त्यांचा हात पाण्यापर्यंत पोंचतो इतकेंच. सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक नियमांत दर तासास निदान वीस मिनिटें वाढीव वेळ सांगितला आहे, तो याच न्यायाचा. त्यानें प्रश्नपत्रिका सोपी होत नाहीं आणि न केलेला अभ्यासहि आयता मिळत नाहीं. इतिहासाच्या पेपरांत इतिहास किती समजला हें पाहावयाचें असेल, तर लेखणीचा वेग ही त्या परीक्षेची कसोटी होऊं शकत नाहीं. मात्र याच न्यायाची दुसरी बाजू पालकांनीं ध्यानांत ठेवावी. गरज नसतां चार गुण अधिक पडावे म्हणून प्रमाणपत्र मिळविण्याचा मोह जो धरतो, तो खालचा नळ अडवून उभा राहणाऱ्या उंच मुलासारखा होय. त्याच्यामुळें खऱ्या गरजवंताकडेहि लोक संशयानें पाहूं लागतात.

आतां पालकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी. मुलाच्या वाचनांत, ऐकण्यांत वा वागण्यांत कांहीं निराळें दिसल्यास तें आळसावर न ढकलतां सरकारमान्य रुग्णालयांत तपासणी करून घ्यावी, आणि योग्य असल्यास प्रमाणपत्र घ्यावें. शालान्त परीक्षेच्या सवलती प्रमाणपत्रावांचून मिळत नाहींत, व त्यांचा अर्ज शाळेमार्फतच मंडळाकडे जातो. म्हणून दहावीचें वर्ष उजाडण्याची वाट पाहूं नये. शाळेकडे जें मागावयाचें तें लेखी मागावें, त्यांत मुलाची नेमकी अडचण व नेमकी हवी असलेली सोय लिहावी, आणि अर्जाच्या प्रतीवर पोंच घेऊन ती जपून ठेवावी. प्रथम वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शिक्षणाधिकारी, या पायऱ्या चढाव्या. त्यांनींहि काम न झाल्यास पुणें येथील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करतां येते. चौकशीच्या कामीं त्यांस दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनीं शिफारस केल्यास संबंधित अधिकाऱ्यानें तिच्यावर काय केलें हें तीन महिन्यांच्या आंत कळविलें पाहिजे. कायदा मोडणारास पहिल्या खेपेस दहा हजार रुपयांपर्यंत व पुन्हां मोडल्यास पन्नास हजारांपासून पांच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु भांडणापेक्षां बोलण्यानें काम लवकर होतें, असा आमचा अनुभव आहे. कलमाचा क्रमांक ठाऊक असलेला पालक आवाज न चढवितांहि बोलूं शकतो, हा कायदा वाचण्याचा मोठाच लाभ म्हणावयाचा.

शेवटीं दोन शब्द विद्यार्थ्यांस. बालमित्रांनो, कायद्यानें तुमच्या वर्गसोबत्यास वर्गांत जागा दिली आहे, परीक्षेंत वेळ दिला आहे. मधल्या सुटींत त्याच्या शेजारीं बसून डबा खाण्याची सक्ति मात्र कोणताहि कायदा तुमच्यावर करूं शकत नाहीं. तो भाग तुमच्यावर सोंपविला आहे. जो हळू वाचतो त्याचें वाक्य मधेंच पुरें करूं नका. जो ऐकूं शकत नाहीं त्याच्याशीं तोंड त्याच्याकडे करून बोला. चाकाच्या खुर्चीस हात लावण्यापूर्वीं तिच्यांत बसलेल्यास विचारा. आणि तुमच्यापैकीं ज्या कोणास स्वतःसच अशी अडचण असेल, त्यानें ती आईबापांस व शिक्षकांस निःसंकोच सांगावी, आपणांस काय हवें व काय नको तेंहि सांगावें. तें ऐकून घेणें कायद्यानें आम्हां मोठ्यांस भागच आहे.

एक पालक